लोआरच्या हलक्या लाल वाइनपुढे उबेचा पेच

लाल वाइन म्हटली, की गडद रंगाचे, जिभेला तुरट लागणारे जड पेय डोळ्यांसमोर येते. फ्रान्समधील लोआर नदीचे खोरे या समजुतीला अपवाद आहे. सुमारे एक हजार किलोमीटर लांबीच्या या नदीच्या मध्य टप्प्यात, शिनों, बुर्गय आणि सोम्युर या गावांच्या परिसरात तयार होणारी लाल वाइन बहुधा पातळ अंगाची, किंचित आंबटसर आणि रासबेरीची आठवण करून देणारी असते. ती थोडी गार करून, १४ अंश सेल्सिअसच्या आसपास पिण्याची पद्धत आहे.

या वाइनचे द्राक्ष काबर्ने फ्रां. स्थानिक लोक त्याला 'ब्रतों' म्हणतात. शिनोंजवळ जन्मलेला सोळाव्या शतकातील लेखक राबले याने आपल्या 'गार्गांत्युआ'मध्ये या ब्रतों वाइनचा उल्लेख केला आहे. जगभर अधिक नाव झाले ते काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचे. परंतु ते काबर्ने फ्रां आणि पांढरे सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकराचे अपत्य असल्याचे १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी डीएनए चाचणीद्वारे सिद्ध केले. मुलाची कीर्ती झाली, बाप खोऱ्यातच राहिला!

हलकेपणाचे मूळ हवामानात आणि मातीत आहे. फ्रान्समध्ये लाल द्राक्षे पिकण्याच्या उत्तर सीमेजवळ हा प्रदेश येतो. थंडीमुळे द्राक्षात साखर बेताची भरते, म्हणून मद्यार्क कमी आणि आंबटपणा टिकून राहतो. वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. साली रसात थोडेच दिवस ठेवल्या, की वाइन नाजूक होते. शिनोंला लोआरची उपनदी व्हिएन हिच्या काठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीतील वाइन लवकर प्यायची, तर चुनखडीच्या उतारावरील वाइन काही वर्षे मुरवायची. याच मऊ चुनखडीच्या जुन्या खाणी आज तळघरे म्हणून उपयोगी पडतात.

पूर्वी थंड वर्षी द्राक्षे पुरती पिकत नसत आणि वाइनला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येई. काबर्ने फ्रांमधील पायराझिन या द्रव्याचा तो परिणाम. ऊन आणि पक्वता वाढली, की तो ओसरतो. त्यामुळे गेल्या काही दशकांतील तापमानवाढ सुरुवातीला येथील बागायतदारांच्या पथ्यावरच पडली, हे मान्य करावे लागेल.

पेच पुढेच आहे. उबेमुळे साखर, म्हणजेच मद्यार्क वाढतो, आंबटपणा घटतो आणि ज्या हलकेपणासाठी ही वाइन ओळखली जाते तोच धोक्यात येतो. दुसरीकडे, वेलीचे डोळे लवकर फुटतात आणि कोवळे कोंब एप्रिलच्या हिमतडाख्यात सापडतात. २०१६ मध्ये असे घडले. २०२१ मध्ये मार्चअखेरच्या उष्म्यानंतर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पारा शून्याखाली गेला आणि फ्रान्सभर द्राक्षबागा करपल्या. मानवनिर्मित तापमानवाढीमुळे, वाढीच्या काळात असे हिम पडण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्यानंतर काढला.

अशा रात्री बागांमध्ये ओळीने मोठ्या मेणबत्त्या पेटवल्या जातात, वरची उबदार हवा खाली ढकलण्यासाठी उंच पंखे फिरवले जातात. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवणाऱ्या शेतकऱ्याला हे दृश्य परके वाटणार नाही. नाशिक परिसरात पांढऱ्या वाइनसाठी लावले जाणारे शेनिन ब्लां हे द्राक्षही मूळचे लोआरचेच.

यावर उपाय म्हणून काही जण छाटणी लांबवतात, म्हणजे डोळे उशिरा फुटतात. घडांवर सावली राहावी म्हणून पाने कमी काढली जातात, तोडणीही आधी होते. काहींनी पिनो दोनी या फिकट रंगाच्या, मिरीचा गंध असलेल्या जुन्या स्थानिक वाणाकडे पुन्हा लक्ष वळवले आहे. नव्या लागवडीचा वेल मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येतो. तोवर दर एप्रिलमध्ये रात्रीचा पारा पाहणे आलेच.