क्वेकर पंथ आणि मैत्री : साहित्य व चित्रपटांतील चित्रण

ज्या पंथाला जग 'क्वेकर' म्हणून ओळखते, त्याचे अधिकृत नाव 'रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स', म्हणजे मित्रांचा धर्मसमाज, असे आहे. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारा. हे विरोधकांनी चेष्टेने ठेवलेले नाव पुढे रूढ झाले. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याच्या प्रेरणेने हा पंथ उदयास आला. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वरी प्रकाश आहे आणि त्यापर्यंत पोहोचण्यास पुरोहिताची गरज नाही, ही त्याची मूळ धारणा. मूळ पद्धतीच्या उपासनेत सर्वजण निःशब्द बसतात. ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो, स्त्री असो वा पुरुष, उठून बोलतो. 'मित्र' हे नाव बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाशी जोडले जाते. तेथे येशू शिष्यांना सेवक न म्हणता मित्र म्हणतो.

या मैत्रीचे सामाजिक रूप मराठी वाचकाला चटकन समजेल. त्या काळच्या इंग्रजीत आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' सारखाच भेद होता. मोठ्यांना 'यू' आणि बरोबरीच्यांना वा खालच्यांना 'दाऊ' म्हणत. क्वेकरांनी न्यायाधीशापासून सरदारापर्यंत सर्वांना 'दाऊ'च म्हणायचे ठरवले, कोणापुढे टोपी काढायचेही नाकारले. आपल्याकडे एखाद्याने कलेक्टरसाहेबांना अरे-तुरे करावे, तसाच हा प्रकार. यासाठी अनेकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. १६६१ च्या प्रारंभी राजा दुसरा चार्ल्स याला दिलेल्या निवेदनात त्यांनी शस्त्राने लढण्यासही नकार दिला.

साहित्यिकांना आणि दिग्दर्शकांना खुणावते ती हीच जागा. सर्वांना मित्र मानणाऱ्याच्या एका जवळच्या मित्रावर दुसऱ्या 'मित्रा'ने बंदूक रोखली, तर त्याने काय करावे?

या प्रश्नाचा सर्वांत विचारपूर्वक शोध जेसमिन वेस्ट हिच्या 'द फ्रेंडली पर्स्वेजन' (१९४५) या कथामालिकेत आणि तिच्यावरील विल्यम वायलरच्या चित्रपटात (१९५६) दिसतो. वेस्ट स्वतः क्वेकर घराण्यातली होती. (राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन तिचे नातलग. तेही क्वेकर घरात वाढले आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात सत्तेवर होते, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे.) कथा अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातील इंडियाना राज्यात घडते. जेस बर्डवेल हा शेतकरी, त्याची पत्नी एलायझा ही पंथातील धर्मोपदेशक, आणि त्यांची मुले असे हे कुटुंब. चित्रपटात जेसचा जिवलग मित्र सॅम जॉर्डन मेथॉडिस्ट पंथाचा आहे. रविवारी प्रार्थनेला जाताना दोघांच्या घोडागाड्यांची शर्यत लागते. जेस घरी ऑर्गन आणतो. संगीत एलायझाच्या धर्मकल्पनेत बसत नाही, म्हणून ते वाद्य अखेर माळ्यावर जाते. हे विनोदी प्रसंग केवळ भरताड नाहीत. ही माणसे नियम कसे वाकवतात आणि कुठे वाकवत नाहीत, हे प्रेक्षकाला आधीच कळावे म्हणून ते आहेत.

पुढे मॉर्गनचे दक्षिणी घोडदळ जवळ येते. थोरला मुलगा जॉश बंदूक घेऊन जातो. पुस्तकात लढाई होतच नाही. जॉश अंधारात कड्यावरून पडून जखमी होतो. चित्रपटात मात्र तो गोळी झाडतो आणि रडतो. त्याला शोधायला निघालेल्या जेसला वाटेत मरणासन्न सॅम भेटतो. सॅमला मारणारा सैनिक जेसवरही गोळी झाडतो. जेस त्याची बंदूक हिसकावून घेतो आणि त्याला जाऊ देतो. मित्राचा मारेकरी हाती लागलेला असताना त्याला सोडणे हा या चित्रपटाचा गाभा आहे. जेसची भूमिका करणाऱ्या गॅरी कूपरला, आपल्या प्रेक्षकांना नायकाकडून काहीतरी 'कृती' हवी असते, अशी चिंता होती. स्वतःला रोखणे हीही कृतीच आहे, असे वेस्टचे म्हणणे होते. चित्रीकरणाच्या या आठवणी तिने 'टू सी द ड्रीम' (१९५७) मध्ये लिहिल्या आहेत. या चित्रपटाला १९५७ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

याच कूपरचा 'हाय नून' (१९५२, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन) शेजारी ठेवून पाहावा. मार्शल विल केन सूड घ्यायला येणाऱ्या गुंडांविरुद्ध गावात मदत मागतो. एक मित्र तर घरात लपून पत्नीकरवी 'घरी नाहीत' असे सांगतो. केनची नवपरिणीत पत्नी एमी क्वेकर आहे. वडील आणि भाऊ गोळीने मारले गेल्यावर तिने हा पंथ स्वीकारलेला असतो. शेवटी पतीला वाचवण्यासाठी तीच एका गुंडाला पाठीत गोळी घालते. चित्रपट म्हणून 'हाय नून' अधिक बांधेसूद आहे, पण एमीच्या श्रद्धेला तो न्याय देत नाही. तिची अहिंसा ही जणू प्रेमापुढे गळून पडावी अशी अडचण ठरते. तिने असे का केले, त्यानंतर तिला काय वाटले, हे विचारायला चित्रपट थांबत नाही.

दोन्ही चित्रपटांमागे मैत्रीची आणखी एक परीक्षा होती. हॉलिवूडमध्ये तेव्हा साम्यवादाच्या संशयावरून लोकांना काळ्या यादीत टाकले जाई आणि सहकाऱ्यांची नावे सांगण्याची सक्ती होई. 'हाय नून'चा पटकथाकार कार्ल फोरमन त्यात सापडला, देश सोडून गेला. 'फ्रेंडली पर्स्वेजन'वर तर पटकथाकार मायकेल विल्सनचे नावच छापले गेले नाही. ते १९९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, पुन्हा दिले गेले.

उलट बाजू पाहायची तर हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' (१८५१) वाचावी. तिथले जहाजमालक पेलेग आणि बिल्डॅड क्वेकर आहेत. बिल्डॅड माणसांविरुद्ध शस्त्र धरणार नाही, पण देवमाशांच्या रक्तावर धन जोडतो आणि खलाशांच्या वाट्यात हात आखडतो. खरी मैत्री त्या कादंबरीत इश्माएल आणि मूर्तिपूजक क्वीक्वेग यांच्यात जुळते, आणि 'मित्र' म्हणवणारा बिल्डॅड क्वीक्वेगच्या हाती धर्मपुस्तिका ठेवतो.

भारतीय विद्यार्थ्याला या विषयाचे आणखी एक दार उघडे आहे. इंग्रज क्वेकर होरेस अलेक्झांडर गांधीजींचे स्नेही होते आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी कोलकात्यात त्यांच्यासोबत होते. त्यांचे 'गांधी थ्रू वेस्टर्न आइज' आणि सेवाग्रामच्या नई तालीम कार्यात राहिलेल्या मार्जरी साइक्स यांचे 'क्वेकर्स इन इंडिया' ही पुस्तके कथेतल्या जेस बर्डवेलपुढचा प्रश्न आपल्या इतिहासात आणून ठेवतात.