अभय रायचंद अजून आठवतो

१८ ऑक्टोबर २०१० रोजी स्टार वनवर ‘प्यार की ये एक कहानी’ सुरू झाली. बालाजी टेलिफिल्म्सच्या या मालिकेचा नायक अभय रायचंद चक्क रक्तपिशाच्च, आणि तो पियाच्या प्रेमात पडतो! विवियन डिसेना आणि सुकीर्ती कांडपाल यांची ही जोडी चाहत्यांच्या तोंडी ‘अभिया’ झाली.

डिसेंबर २०११ मध्ये मालिका संपली. त्याच महिन्यात वाहिनीही गेली, तिच्या जागी लाइफ ओके आली.

जिव्हाळा मात्र टिकला. २०२४ मध्ये विवियन ‘बिग बॉस’च्या अठराव्या पर्वात दिसला, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना आधी अभयच आठवला.

मराठी वाचकाला रक्तपिशाच्च नवं नव्हतं. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहून ते मराठीत आणलं होतं. पण ‘लुचाई’ वाचताना अंगावर काटा येतो. अभय हळवा, अपराधी मनाचा. शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना तोच भावला, आणि ते अगदी स्वाभाविक होतं.

अमेरिकेतल्या ‘मूनलाइट’चा नायकही असाच रक्तपिशाच्च. ती मालिका १६ भागांनंतर २००८ मध्ये बंद पडली. ती वाचवण्यासाठी चाहत्यांनी रेडक्रॉसमार्फत रक्तदान मोहीम काढली होती.