हिरोडोटसाची पूर्व दिशा

इसवी सनापूर्वी ४८० मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सीस याच्या अफाट सैन्यास मूठभर ग्रीकांनी ज्या थर्मोपिलीच्या खिंडीत अडवून धरले, तिचे वर्णन करताना आद्य इतिहासकार हिरोडोटस याने वाटेच्या पश्चिमेस पर्वत व पूर्वेस समुद्र असल्याचे लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात पर्वत दक्षिणेस आणि समुद्र उत्तरेस आहे. तो समुद्रही आता तेथे उरलेला नाही, कारण स्पेर्खिओस नदीच्या गाळाने किनारा काही किलोमीटर मागे लोटला असून, एक गाडी जेमतेम जाईल एवढी जेथे वाट होती तेथे आज सपाट मैदान पसरले आहे. प्राचीन ग्रंथांतील स्थळे संगणकीय नकाशावर उतरविण्याचा जो उद्योग विद्वानांनी आरंभिला आहे, त्याची खरी अडचण आणि खरी गोडी या खिंडीत एकत्र भेटते.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ ग्रंथसंग्रहाने हिरोडोटसाच्या नऊ खंडांची संहिता संगणकावर आणली होती. तिच्या आधारे ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतील एल्टन बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास ‘हेस्टिया’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. संहितेतील प्रत्येक स्थलनाम हुडकायचे आणि ते नेमके कोणत्या स्थळाचे याची खातरजमा करायची, असे हे काम ऐकावयास सोपे वाटते. परंतु थीब्ज म्हणजे इजिप्तमधील की ग्रीसमधील, याचा निवाडा संदर्भ वाचणाऱ्या माणसालाच करावा लागतो. अशा कामास ‘प्लायडीज’ या स्थलकोशाचा मोठा आधार आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या बॅरिंग्टन अ‍ॅटलासच्या सामग्रीवर उभारलेल्या या कोशात, गावच्या दप्तरात जमिनीस गट क्रमांक असावा त्याप्रमाणे, प्रत्येक स्थळास एक कायम क्रमांक असतो. अथेन्सचा क्रमांक ५७९८८५. नावे कालपरत्वे बदलतात, क्रमांक बदलत नाही, आणि स्थाननिश्चिती पक्की की संशयित याचाही दाखला तेथे दाखल करण्याची सोय आहे.

‘हेस्टिया’च्या मंडळींनी केवळ बिंदू मांडून न थांबता, कोणते स्थळ कोणत्या स्थळाशी कथेत जोडले जाते याच्या रेषाही आखल्या, तेव्हा युरोप विरुद्ध आशिया अशा ज्या सरळ द्वंद्वात हा ग्रंथ वाचण्याची प्रथा होती, ते द्वंद्व ओलांडून जाणारे संबंधांचे दाट जाळे दृष्टीस पडले. माझ्या मते या उद्योगाचे मोठे फळ हेच. अक्षांश-रेखांशाचा बिंदू फसवा असतो. तो आजच्या भूमीवर बसतो आणि ग्रंथातील भूमी झाकून टाकतो. म्हणून हिरोडोटसाची ‘पूर्व’ गुपचूप दुरुस्त करू नये. तीही नोंदवावी, तिच्या शेजारी उत्तर नोंदवावी आणि जुना किनारा नव्या किनाऱ्यासह रेखावा.

मराठीत अशा कामास महानुभावांच्या ‘स्थानपोथी’सारखे साधन क्वचितच मिळेल. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने कोठे आहेत, हे त्या पोथीने दिशांसह तपशीलवार सांगितले आहे, आणि त्यांपैकी कित्येक स्थानांवर भाविकांनी बांधलेले ओटे आजही पूजेत आहेत. पोथीतील दिशा आणि ओट्याची जागा जेथे जुळत नाहीत, तेथूनच मराठीतील अशा नकाशाचा आरंभ करावा.