ॲम्बॅसडर पूल : दोन राष्ट्रांमधील दुवा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डेट्रॉइट आणि कॅनडातील विंडसर ही शहरे समोरासमोर वसलेली आहेत. त्यांच्यामधून वाहणारी डेट्रॉइट नदी हीच दोन राष्ट्रांची सीमा होय. कॅनडा अमेरिकेच्या उत्तरेस, असे आपण भूगोलात शिकतो; परंतु येथे विंडसर डेट्रॉइटच्या दक्षिणेस येते! विद्यार्थ्यांनी नकाशा उघडून ही गंमत अवश्य पाहावी.

पूर्वी मोटारी आगबोटींवर चढवून पलीकडे न्याव्या लागत. डेट्रॉइट हे मोटारनिर्मितीचे माहेरघर बनल्यावर ही सोय अपुरी पडू लागली. 1927 साली पुलाचे काम सुरू होऊन नोव्हेंबर 1929 मध्ये तो खुला झाला. पोलादी तारांच्या दोरांवर तोललेल्या या झुलत्या पुलाचा मधला गाळा 1,850 फूट लांब आहे. 1931 पर्यंत तो जगात सर्वांत लांब होता. नवल असे की, हा पूल सरकारने नव्हे, तर खाजगी भांडवलावर बांधला गेला.

पूल ओलांडणाऱ्याची तपासणी तो ज्या देशात प्रवेश करतो, त्या देशाचे अधिकारी करतात. प्रवाशाची ओळखपत्रे पाहिली जातात. मालमोटारीतील मालाची माहिती मात्र ती नाक्यावर पोहोचण्यापूर्वीच कळवावी लागते; त्यामुळे बहुतेक गाड्यांचा खोळंबा टळतो.

या वेगाचे महत्त्व मोठे आहे. मोटारीचे सुटे भाग एका देशात घडतात, तर जोडणी दुसऱ्या देशात होते. कारखाने मोठा साठा न करता लागेल तसा माल मागवितात. अर्थात वाट अडली की यंत्रे थांबतात. फेब्रुवारी 2022 मध्ये लसीकरणाच्या नियमांविरुद्ध निदर्शकांनी सुमारे सहा दिवस पूल रोखून धरला, तेव्हा दोन्ही देशांतील मोटार कारखान्यांना काम कमी करावे लागले. त्या वेळी दोन्ही देशांमधील मालव्यापारापैकी सुमारे एक चतुर्थांश याच पुलावरून होत असे.

एकाच वाटेवर इतका भार असणे धोक्याचे, हे जाणकारांनी आधीच ओळखले होते. म्हणून 2018 साली जवळच दुसऱ्या पुलाचे बांधकाम सुरू झाले. त्याला गॉर्डी हाऊ यांचे नाव देण्यात आले. बर्फावरील हॉकीचा हा खेळाडू जन्माने कॅनडाचा. पण पंचवीस हंगाम खेळला तो डेट्रॉइटच्या संघातून. दोन तीरांना जोडणाऱ्या पुलास याहून समर्पक नाव कोणते असणार?