चाळीस वर्षं मुरलेलं पाणी

पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे. आपल्याकडे ऊन पाण्याचा झरा असला की बऱ्याचदा गावाचं नावच ते सांगून टाकतं. स्वित्झर्लंडमध्येही तीच रीत दिसते. लॉइकरबाद म्हणजे लॉइकची न्हाणी. फ्रेंच बोलणारे त्यालाच लोएश-ले-बाँ म्हणतात. वालिस प्रांतात 1411 मीटर उंचीवर, सरळसोट कड्यांच्या कुशीत हे गाव बसलंय. दिवसाला सुमारे 39 लाख लिटर गरम पाणी इथे जमिनीतून आपसूक वर येतं.

युंगफ्राऊ आणि टिटलिस एकाच दमात उरकणाऱ्या सहलींत हे नाव सहसा नसतं. शनिवार-रविवार हाताशी असेल तर मी मात्र त्या धावपळीपेक्षा इथेच जाईन. झुरिकहून तीनेक तास लागतात. 2007 साली सुरू झालेल्या लोचबर्गच्या 34.6 किलोमीटर लांब बोगद्यातून गाडी विस्पला उतरवते. तिथून लॉइक स्टेशन आणि पुढे अर्धा तास घाटातली बस.

एवढं पाणी तापतं कशानं? ज्वालामुखी आसपास कुठेही नाही. डोंगरांवर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ चुनखडीच्या भेगांमधून खाली उतरत जातो. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढते. हे पाणी पार समुद्रसपाटीच्याही खाली पोचतं, तापतं, वाटेत जिप्सम विरघळवून घेतं आणि खडकातल्या मोठ्या भेगा सापडल्या की भराभर वर येतं. भराभर यायला हवंच, नाहीतर वाटेतच निवेल. वर येताना ते 51 अंशांपर्यंत गरम असतं, म्हणजे अंगावर घेण्याआधी ते निववावं लागतं. या सगळ्या फेरीला सुमारे 40 वर्षं लागतात. लोणचंही इतकं मुरत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांमागची युक्तीही मुळात हीच: खोल मुरणं, तापणं, भेगेतून वर येणं. खडक तेवढे वेगळे.

न्हाण्याची पद्धत मात्र काळानुसार बदलत गेली. जुने रोगी दिवसाला कित्येक तास पाण्यात काढत. अंगावर पुरळ उठलं की गुण येतोय, असं मानत. मार्क ट्वेन 1878 साली गेम्मी खिंड उतरून इथे आला, तेव्हा स्त्री-पुरुष एकाच हौदात छातीभर पाण्यात बसलेले त्याला दिसले. पुढ्यात तरंगते पाट, त्यावर खाणं, पुस्तकं. आता वेळ घड्याळावर मोजतात. एका दमात पंधरा-वीस मिनिटं, मग बाहेर येऊन पडून राहायचं, पाणी प्यायचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं. आंघोळ करूनच कुंडात उतरायचं, पोहण्याचा पोशाख सक्तीचा. अपवाद अल्पेनथेर्मे या स्नानगृहातल्या रोमन-आयरिश विभागाचा. तिथे कपडेच सक्तीने काढायचे, आणि स्त्री-पुरुष एकत्र! पाटी नीट वाचून मगच दार ढकलावं.

या गावाशी जोडलेलं आणखी एक मोठं नाव जेम्स बाल्डविन. 1951च्या उन्हाळ्यात हा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक मित्राच्या घरच्यांच्या लाकडी बंगल्यात येऊन राहिला, पुन्हा हिवाळ्यातही आला. टाइपरायटर सोबत होता आणि ऐकायला बेसी स्मिथच्या ध्वनिमुद्रिका. आपली पहिली कादंबरी त्याने इथेच हातावेगळी केली. काळा माणूस गावाने तोवर पाहिलाच नव्हता. पोरं रस्त्यात त्याच्याकडे बघून ओरडत, लोक केसांना हात लावून बघत. त्यांच्या मनात विष नव्हतं, पण आपण त्यांच्या लेखी माणूस नसून नवलाची वस्तू आहोत हे त्याला कळत होतं. त्यातून 1953 साली ‘स्ट्रेंजर इन द व्हिलेज’ हा निबंध आला. इथे येण्याआधी तो वाचावाच. बर्फाच्छादित शिखरांच्या पोस्टकार्डाची दुसरी बाजू त्यात आहे.

रविवारी सकाळी पाळण्याने गेम्मीवर जावं. गाव पायाखाली बुडत जातं आणि कड्यात खोदलेली जुनी नागमोडी पायवाट शेजारून दिसते. वर डाउबेनझे नावाचं तळं आहे. त्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाणी तळातूनच खडकात झिरपतं. खाली दाला नदीच्या घळईत लोखंडी साकव बांधलाय, त्यावरून चालताना प्रवाहाचा गारवा अंगावर येतो. जेवायला ‘कॉलरा’ मागायला कचरू नये. बटाटा, कांद्याची पात वाटावी असा लीक, सफरचंद आणि चीज भरलेली ती कणकेची खमंग पेटी असते. साथीत घराबाहेर पडता येईना, तेव्हा घरात होतं ते भरून केली, अशी कथा सांगतात. डुकराचं मांस घातलेलं नाही ना, तेवढं विचारून घ्यावं.

आणि येता-जाता गावातल्या इमारतींकडेही बघावं. एवढ्याशा वस्तीला न शोभणारा त्यांचा थाट आहे. 1980 आणि 90च्या दशकांत गावकारभाऱ्यांनी पाण्याच्या भरवशावर कर्जाचा सपाटा लावला. नवी स्नानगृहं, क्रीडासंकुल, वाहनतळ. कुठेतरी पाणी मुरतंय हे लोकांच्या लक्षात आलं, तोवर आकडा 34 कोटी 60 लाख फ्रँकवर गेला होता. माणशी सुमारे दोन लाख. गावाचा कारभार प्रांत सरकारने ताब्यात घेतला, नगराध्यक्षाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. प्रांताने हे कर्ज फेडण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली दिला आणि कर्ज देणाऱ्यांना बहुतेक रकमेवर पाणी सोडावं लागलं. तिकीट काढून आपण ज्या कुंडात उतरतो, त्यातलं एखादं त्याच पैशांतून बांधलेलं असतं.