गोळी थांबवू नका, हाडं सांभाळा

अकोल्याच्या एका वाचकानं विचारलंय, "एचआयव्हीवरच्या एआरटी उपचाराच्या गोळीनं हाडं ठिसूळ होतात म्हणे. मग ती बंद करावी का?" नाही, मुळीच नाही. पण शंका बिनबुडाची नाही.

वऱ्हाडातलं धाब्याचं घर आठवा. पावसाळ्याआधी छतावरची सैल माती खरवडायची, नवी पांढरी माती अंथरून चोपायची. हाडांतही हेच काम जन्मभर चालतं. काही पेशी खरवडतात, काही भरतात. एचआयव्हीमुळे शरीरात सतत दाह राहतो आणि खरवडणाऱ्यांना जोर येतो. उपचार सुरू झाल्यावर प्रतिकारपेशी झपाट्यानं वाढतात, तेव्हा हा जोर आणखी वाढतो. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण 2 ते 6 टक्के घटते. पुढे बहुधा स्थिरावते.

यात एआरटीत दिल्या जाणाऱ्या टीएलडी गोळीतल्या 300 मिलिग्रॅम टेनोफोव्हिरचाही वाटा आहे. ते मूत्रपिंडातून जाताना काहींच्या लघवीवाटे हाडांना लागणारं फॉस्फेट निसटतं. 'टीएएफ' हे त्याचं नवं रूप बरंचसं पेशीत शिरल्यावर सुटं होतं. 25 मिलिग्रॅम पुरतं, हाडांना त्रासही कमी.

टेनोफोव्हिरचा रेणू घडवणाऱ्या प्रागच्या अँतोनिन होली यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, याची खंत वाटते. बेल्जियमच्या एरिक डी क्लर्क यांच्यासोबत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 16 जुलै 2012 रोजी होली गेले. त्याच दिवशी अमेरिकेनं टेनोफोव्हिर असलेल्या गोळीला एचआयव्ही टाळण्यासाठीही मान्यता दिली! भारतात 2009 मध्ये या औषधाचे पेटंट अर्ज फेटाळले गेले. ही पेटंट रोखण्यासाठी एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनाही लढल्या होत्या.

आता आपल्या हातातलं. ड जीवनसत्त्वासाठी सकाळचं कोवळं ऊन पुरत नाही. सूर्य खाली असताना त्यासाठी लागणारे किरण ओझोनमध्येच अडतात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ते पोचतात. उन्हाळ्यात मात्र दुपारच्या आधीच, थोडाच वेळ बसा. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 28 मिलिग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजारावर. भाकरीसोबत तिळाची चटणी, दूध-दही घ्या. चाला, बिडी आणि दारू सोडा.

कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी टीएलडीसोबत घेऊ नका, त्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध नीट शोषलं जात नाही. दोन्ही एकत्र घ्यायच्या तर जेवणासोबतच. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि पाळी थांबलेल्या बायकांनी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना हाडांच्या तपासणीबद्दल जरूर विचारावं. औषध बदलायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील. तोवर एकही डोस चुकवू नका.