ताब्याचा हुकूम आणि मुलाचें हित
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



सोमवारीं सकाळीं हजेरी घेतांना शिक्षकाला जें दिसतें, तें पुष्कळदां आईबापांनाहि दिसत नाहीं. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. आईबापांचा घटस्फोट झालेला. मुलगा आईजवळ, येथें धायरीस. आणि शनिवार-रविवार बापाकडे, असा न्यायालयाचा हुकूम. कांहीं महिने सुरळीत गेले. पुढें हा मुलगा सोमवारीं बाकावर डोकें टेकून झोपूं लागला. एके दिवशीं त्याची आई शाळेंत आली व म्हणाली, “गुरुजी, ह्याचे वडील दारू पिऊन ह्याला मोटारसायकलवरून आणतात. ह्या शनिवारीं मी मुलाला पाठवणार नाहीं. मुलगा बापाला भितो, एवढें तुम्ही मला लिहून द्या.”

मीं काय केलें, तें शेवटीं सांगेन. आधीं त्या माउलीपुढें जो प्रश्न होता, त्याचा विचार करूं. न्यायालयानें एकदां ठरविलेला ताबा व भेटीचे दिवस पुन्हा बदलतां येतात काय? आणि मुलाच्या सुरक्षिततेविषयीं शंका आली असतां आईनें किंवा बापानें कोणत्या वाटेनें जावें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर निःसंदिग्ध आहे : बदलतां येतात. जमिनीच्या दाव्याचा अंतिम निकाल लागला, कीं बांध कायमचा ठरतो. मूल म्हणजे जमीन नव्हे. तें वाढतें, त्याच्या गरजा बदलतात आणि आईबापांचें वर्तनहि बदलतें. म्हणूनच १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें, कीं ताब्याविषयींचे हुकूम स्वभावतःच अंतिम नसतात. परिस्थिति बदलल्याचें सिद्ध झाल्यास ते पुढें केव्हांहि बदलतां येतात. दोघांच्या संमतीनें झालेला हुकूमहि ह्यास अपवाद नाहीं, असें त्याच न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें. हिंदु विवाह कायदा, १९५५, ह्याच्या २६ व्या कलमांत असे हुकूम वेळोवेळीं देण्याचा, स्थगित करण्याचा व बदलण्याचा अधिकार दिलेला आहे. ज्यांचा विवाह त्या कायद्याखालीं येत नाहीं, त्यांच्यासाठीं १८९० चा पालक व पाल्य कायदा आहेच.

बदलण्याची कसोटी मात्र एकच : मुलाचें हित. मुंबई उच्च न्यायालयानें पूर्वींच म्हटलें होतें, कीं बापाचें हित नव्हे, आईचें हित नव्हे, केवळ अज्ञान मुलाचें हित हेंच सर्वश्रेष्ठ होय. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या १३ व्या कलमानें तेंच तत्त्व पक्कें केलें. तेव्हां “मला अन्याय झाला” हें अर्जाचें कारण होत नाहीं. “हुकूम झाला तेव्हां अमुक स्थिति होती, आतां अमुक झाली आहे, आणि तिच्यामुळें मुलास अमुक अपाय होतो किंवा होण्याचा संभव आहे” ह्या तीन पायऱ्या अर्जांत दिसल्या पाहिजेत.

आतां त्या बाईंच्या मनांतील बेताकडे वळूं. मुलाला स्वतःच्याच निर्णयानें अडकवून ठेवण्याचा मोह फार स्वाभाविक आहे, परंतु तो घातक आहे. हुकूम बदलेपर्यंत तो बंधनकारक असतो. तो मोडला, कीं न्यायालयापुढें बापाच्या दारूची गोष्ट मागें पडते आणि आईच्या आज्ञाभंगाची पुढें येते. मात्र बाप झोकांड्या देत दाराशीं उभा असेल, तर मुलाला त्याच्या वाहनावर बसवावें, असें कोणताहि सुज्ञ न्यायाधीश म्हणणार नाहीं. अशा वेळीं ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांना बोलवावें, घडलें तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, आणि न्यायालय उघडतांच स्वतः होऊन तेथें सांगावें. लपविणें आणि सांगणें ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

पुणेंकरांसाठीं ही वाट शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाकडे जाते. पूर्वीचा हुकूम तेथला असेल, तर फेरबदलाचा अर्ज तेथेंच करावा. आणि धोका निकडीचा असल्यास निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या हुकुमाची मागणीहि सोबत करावी. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानें समुपदेशकांची व तज्ज्ञांच्या साहाय्याची सोय केली आहे, आणि पक्षकारांची इच्छा असल्यास सुनावणी बंद दाराआड होते. वकिलाची फी परवडत नाहीं म्हणून कोणी हताश होऊं नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रिया व बालकें ह्यांना उत्पन्न न पाहतां मोफत कायदेशीर मदत मिळूं शकते. घरांत छळ झालेल्या स्त्रीस २००५ च्या कायद्याखालीं दंडाधिकाऱ्याकडून मुलाचा तात्पुरता ताबा मागतां येतो. आणि दुसऱ्या पक्षाच्या भेटीनें मुलाच्या हितास बाध येईल असें दंडाधिकाऱ्यास वाटल्यास त्यानें ती भेट नाकारावी, असें त्या कायद्याच्या २१ व्या कलमांतच म्हटलें आहे.

तथापि न्यायालयापुढें “सर्व द्या” किंवा “सर्व बंद करा” असे दोनच मार्ग नसतात. रात्रीचा मुक्काम थांबवून दिवसाची भेट ठेवतां येते. ती समुपदेशकासमोर, न्यायालयाच्या आवारांत किंवा विश्वासू आप्ताच्या घरीं ठरवितां येते. मुलाची नेआण तिसऱ्या माणसाकडे देतां येते. मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं म्हटलें. म्हणून धोका जेवढा, तेवढाच निर्बंध मागावा. तो मिळण्याचा संभवहि अधिक असतो.

पुराव्याविषयीं माझें सांगणें साधें आहे. तारीख, वेळ, काय दिसलें व कोण हजर होतें, एवढेंच रोजच्या वहींत लिहावें. विशेषणें लिहूं नयेत. डॉक्टरांचे कागद व फोनवरील निरोप जसेच्या तसे जपावेत. मुलाची मात्र उलटतपासणी घेऊं नये. समजूं लागलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारांत घेतें, आणि न्यायाधीश अनेकदां मुलाशीं एकांतांत बोलतात. पाठ करून आलेलें उत्तर कोणतें, हें आम्हां शिक्षकांना जसें ओळखूं येतें, तसें त्यांनाहि येतें. मुलाचें मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित करणें हाहि मुलाला केलेला अपायच आहे.

संशय लैंगिक अत्याचाराचा असेल, तर गोष्ट निराळी. तेथें वही लिहीत बसूं नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानें अशी माहिती पोलिसांना कळविणें प्रत्येकावर बंधनकारक केलें आहे. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे, आणि बालकल्याण समितीकडेहि दाद मागतां येते. परंतु द्वेषानें खोटी तक्रार करणें हाहि त्याच कायद्याखालीं गुन्हा आहे, हें विसरूं नये.

आतां माझी गोष्ट. मुलगा बापाला भितो, असें मीं लिहून दिलें नाहीं, कारण तें मला दिसलें नव्हतें. तो कोणकोणत्या सोमवारीं वर्गांत झोपला, त्या तारखा मीं लिहिल्या. रात्रीं फार उशिरां घरीं आल्याचें त्यानें आपण होऊन दोनदां सांगितलें, तें लिहिलें. आणि पालकसभेस बाप नियमानें येत असे, हेंहि लिहिलें. हें शेवटचें वाक्य वाचून बाई खट्टू झाल्या. कांहीं न बोलतां कागद घेऊन गेल्या. शनिवारीं त्यांनीं मुलाला अडविलें नाहीं. त्या स्वतः रिक्षानें त्याला पोंचवून आल्या, आणि सोमवारीं न्यायालयांत गेल्या.

न्यायालयानें रात्रीचा मुक्काम थांबविला आणि रविवारची भेट आजीच्या घरीं ठेवली. पुढें बापानें उपचार घेतले, त्याचे कागद दाखवून स्वतः अर्ज केला, आणि भेटीचे तास पुन्हा वाढले. हुकूम ज्या वाटेनें आखडतो, त्याच वाटेनें तो सैलहि होतो, हें बापांनींहि ध्यानांत ठेवावें.

वर्षभरानें त्या बाई मंडईंत भेटल्या. म्हणाल्या, “गुरुजी, त्या वेळीं तुमचा राग आला होता. पण आमचे वकील म्हणाले, कीं ह्यांच्याविषयींचें तें चांगलें वाक्य त्या पत्रांत होतें, म्हणूनच बाकीचें पत्र खरें वाटलें.”

मुलगा त्यांच्या मागें पिशवी धरून उभा होता. आतां तो पांचवींत होता, आणि सोमवारीं जागा असतो, असें त्यानेंच मला सांगितलें.